गाय स्वतःहून वर गेली

सभ्य माणसाचा शब्द पुराव्यापेक्षा श्रेष्ठ असतो, कारण पुरावा तपासावा लागतो. व्हर्जिनियातल्या आमच्या कॉलेजचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा होता. विद्यार्थ्याला विचारायचे, त्याने छातीवर हात ठेवून सांगायचे आणि प्राध्यापकांनी मान डोलवायची. या पद्धतीचे यश आकड्यांतच दिसते. १८५१ साली खिडक्यांच्या एकशे बारा काचा फुटल्या, फोडणारे शून्य. व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या तीन पिंपे भरून निघाल्या, पिणारे शून्य. उत्तरेकडच्या एकाही कॉलेजात इतके सज्जन विद्यार्थी नव्हते, असे आम्हीच सांगत असू.

त्याच वर्षी मे महिन्यातल्या एका सोमवारी अध्यक्ष डॉ. मॉनक्युअर यांची दुभती गाय डचेस तिसऱ्या मजल्यावर, ग्रीकच्या वर्गात आढळली. (गाय जिना चढते, पण उतरत नाही. हे तोवर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.) डॉक्टरसाहेबांनी आम्हा एक्केचाळीस जणांना एकेक करून बोलावले. चाळीस जणांनी इभ्रतीची शपथ घेऊन सांगितले की आपण गायीला बोटही लावलेले नाही. चाळिसावा बाहेर पडेपर्यंत चिटणिसांनी ठराव लिहूनही ठेवला होता: गाय स्वतःहून वर गेली, बहुधा ग्रीकच्या ओढीने. (वर्गातले शेण काढणारा आयझॅक सगळे पाहत होता. पण तो कॉलेजचा गुलाम. त्याच्या साक्षीला आमच्या राज्यात गोऱ्यांविरुद्ध किंमत नव्हती. त्यामुळे खोटे बोलण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.)

एक्केचाळिसावा होता एनॉख पेनीबेकर, खोगिरे शिवणाऱ्याचा मुलगा. तीन आठवड्यांनी त्याला पदवी मिळायची होती. पदवीवर गावच्या शाळेतली मास्तरकी ठरली होती आणि मास्तरकीवर लग्न.

"मी ढकलली, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "मागून."

"एकट्यानेच?"

सोबत्यांची नावे सांगणे हेही इभ्रतीत बसत नव्हते.

गायीबद्दल डॉक्टरसाहेबांनी त्याला तिथल्या तिथे माफ केले. खरी अडचण पुढेच होती. डचेसचे वजन अकराशे पौंड, जिन्याला पायऱ्या बावन्न. एकट्याच्या ढकलण्याने ती वर जाणे अशक्य. म्हणजे आणखी माणसे होती. पण चाळीस सभ्य गृहस्थांनी तर नाही म्हटले होते. याचा अर्थ एनॉख त्या चाळिसांना खोटे ठरवत होता, आणि तेही अध्यक्षांसमोर. गाय चढवणे ही थट्टा झाली. हा मात्र अपमान होता.

या अपमानाचा निकाल देणारी विद्यार्थ्यांची सभा भरण्याआधी रँडल फॉन्टेन त्याला समजवायला गेला. मीही बरोबर होतो.

"अरे, नाही म्हण की. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"शपथेवर?"

"शपथेवरच. त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

"रँडल, मी ढकलली रे. आणि तूही होतास."

"कुठे?" बाहीवरचे गायीचे केस झटकत फॉन्टेनने विचारले.

चाळीस विरुद्ध शून्य मतांनी एनॉखला काढून टाकण्यात आले. निरोप देताना प्रत्येकाने त्याच्याशी हस्तांदोलन केले; त्या बाबतीत आमच्या रीतीभातीला नाव ठेवायला जागा नव्हती. तो ट्रंक घेऊन घोडागाडीत चढला आणि जन्मभर बापाच्या दुकानात खोगिरे शिवत बसला. मास्तरकी दुसऱ्याला मिळाली, ठरलेल्या मुलीचे लग्नही दुसऱ्याशीच झाले. मला फार वाईट वाटले. आजही वाटते.

डचेससाठी सुतारांनी लाकडी उतार बांधला. नवव्या दिवशी ती खाली आली. ठराव अजून दप्तरात आहे.

डचेसला वर चढवताना तिच्या शिंगांना बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक माझ्या हातात होते. पुढे मी न्यायाधीश झालो आणि बत्तीस वर्षे लोकांना शपथेवर खरे बोलायला लावले. एनॉखच्या जागी तुम्ही काय म्हणाला असता, हे मी विचारत नाही. विचारले तर तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल आणि मला ते मान्य करावे लागेल. ठराव मी आधीच लिहून ठेवला आहे.