चाळीस दिवसांचा पहारा

पेडणेकरकाका नव्या माणसाला "तुम्ही कुठले?" असं कधीच विचारत नसत. "तुमच्याकडे भूत कोणतं?" असं विचारत.

अ‍ॅशबर्नला आलो त्या दिवशी आम्ही ट्रकमधून खोके उतरवत होतो. शेजारच्या टाउनहाऊसमधून माकडटोपी घातलेले साठीचे गृहस्थ आले आणि त्यांनी मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हेच विचारलं. मंदारला वाटलं, एजंटनं घराबद्दल काहीतरी लपवलंय.

"तसं नाही हो," काका म्हणाले. "भूत नसलेलं गाव म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट."

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. सगळी हयात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. "जे कुणाला दिसत नाही ते शोधायचं, हाच आपला धंदा," म्हणायचे. लेऑफनंतर घरूनच थोडंफार काम करत आणि उरलेल्या वेळात भुतं जमवत. केस कापताना तुर्की न्हाव्याकडून, पत्रं घेताना आयरिश पोस्टमनकडून. प्रत्येक भुताचं एक कार्ड. नाव, मुक्काम, उपद्रव, उपाय. तातारांच्या जंगलातला शुराले माणसाला गुदगुल्या करकरून मारतो, हे त्यांनी मला आमच्या पहिल्याच चहाला सांगितलं. मी बिस्किट खाली ठेवलं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात आमची मुलगी जन्मली. आईचा व्हिसा नाकारला गेला. सासूबाईंचे गुडघे. मंदारची सुट्टी चार दिवसांत संपली. पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात लाल रिबीन आणि शिंप्याकडे असते तसली लांब कात्री.

"चाळीस दिवस बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही. अल्बस्ती येते."

"कोण येते?"

"ऑफिसात एक कझाक बाई होती, तिच्याकडची. पिवळे केस, लांब हात. बाळंतिणीचं काळीज काढून पाण्यावर घेऊन जाते. लाल रंगाला आणि लोखंडाला भिते. आपल्या अळवंतिणीची मावसबहीण समज."

मंदार हसला आणि ऑफिसला गेला. मी हसले नाही. टाके दुखत होते.

काका जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसू लागले. दुपारी मऊभात करत, ताट ठेवत, परत खुर्चीवर. बाळाकडे ढुंकून बघत नसत. फक्त साडेनऊला दहा मिनिटं आपल्या गाडीत जाऊन बसत. मला वाटे, सिगरेट ओढत असतील. आणि मी, नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजची सुवर्णपदकवाली, विज्ञाननिष्ठ वगैरे, ती कात्री उशाखाली घेऊन झोपत होते.

ते दिवस मला पाण्यातून पाहिल्यासारखे आठवतात. बर्फ आवाज न करता पडत राहायचा. दिवस आणि रात्र ओल्या पानांसारखे एकमेकांना चिकटलेले. दुपारी बर्फावरचा उजेड खिडकीतून चढून छतावर हलायचा आणि सोफ्याच्या टोकाला कुणीतरी पिवळे केस विंचरत बसलेलं असायचं. मला भीती वाटली नाही. ती त्रास देत नव्हती. रोज माझ्या छातीतलं थोडंसं काहीतरी, अगदी हलक्या हातानं, काढून घेत होती इतकंच. मग मला रडू यायचं. फोनवर आईला मी सांगत होते, "मस्त चाललंय गं."

तिसऱ्या आठवड्यात तपासणीला नर्स आली. उंच, आणि केस पिवळे. काकांनी तिला दारातच अडवलं आणि कात्री पुढे केली. "होल्ड धिस, प्लीज."

तिनं बिचारीनं धरली. लोखंड हातात धरता आलं, म्हणजे माणूस. काका बाजूला झाले.

"आर यू द ग्रँडफादर?"

"नो. सिक्युरिटी."

नर्सनं फॉर्म काढला. झोप? जेवण? रडू येतं का? मी सगळ्याला "फाइन, फाइन" म्हणत गेले. मागून खाकरल्याचा आवाज आला.

"नॉट फाइन," काका म्हणाले. खिशातून कार्ड काढलं आणि टेस्टरच्या कोरड्या इंग्रजीत वाचू लागले. रोज दोन ते साडेतीन रडते, आवाज न करता. मंगळवारपासून ताट अर्धं उरतं. काल बाळ रडत होतं, ही भिंतीकडे बघत होती, सात मिनिटं.

त्या क्षणी ती कात्री हाताशी असती तर मी काकांना भोसकलं असतं. नर्सनं पेन बंद केलं. सोफ्याच्या त्या टोकाला, बरोब्बर त्या जागेवर, येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर, मग औषध. हळूहळू छतावरचा उजेड नुसता उजेड झाला.

"काका, तुम्हाला कसं कळलं?" एकदा मी विचारलं.

"पहिल्या वेळी नव्हतं कळलं." ते लॅपटॉपकडेच बघत होते. "न्यू जर्सीत होतो. मुलगा झाला. अकराव्या दिवशी मी ऑफिसला गेलो. आमची सुमन भिंतीकडे बघत बसायची. मला वाटलं, घरची आठवण येत असेल. अल्बस्तीनं नेलं तिला."

"नेलं म्हणजे? कुठे?"

"वेंगुर्ल्याला. माहेरी. मुलासकट. परत आलीच नाही."

हसावं की काय करावं, मला कळेना.

"बोलणं होतं?"

"फोन स्वस्त झाल्यापासून रोज करतो. साडेनऊला. तिकडे संध्याकाळचे आठ. ती उचलते. बोलत नाही. मी एक भूत वाचून दाखवतो. वाचून होईपर्यंत ठेवत नाही." मग लॅपटॉप मिटत, "एवढं पुष्कळ झालं."

चाळिसाव्या दिवशी मला डोक्यावरून मनसोक्त गरम पाणी घ्यायचं होतं. बाळ खाली ठेवलं की भोकाड पसरत होतं. मी सरळ ते काकांच्या हातात दिलं. त्यांनी तेलानं काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसं धरलं.

"अगं, मी कधी घेतलंच नाही..."

"दहाच मिनिटं, काका."

केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि जिन्यातच थांबले. साडेनऊ वाजून गेले होते. हात गुंतलेले, म्हणून काकांनी फोन किचनच्या ओट्यावर स्पीकर लावून ठेवला होता आणि ताठ उभे राहून, न हलता, वाचत होते. "तर सुमन, किर्गिझ डोंगरांत एक बाई राहते..."

बाळानं टाहो फोडला. काका पार गडबडले. "अरे, अरे, असं नाही, थांब..." फोनमध्ये नुसती खरखर. आणि मग त्या खरखरीतून, बोलायची सवय मोडलेला एका बाईचा आवाज आला.

"अहो, बाळाची मान धरा आधी. मान."