मजकूर नेहमीचा

समीक्षा घरतला काय येत नाही, हे शोधून काढणं सुकापुरात अजून कोणाला जमलं नव्हतं. पोर सोळा वर्षांची. गणपतीत लावणी नाचायची, हळदीत बँजोवाल्यांचा गायक उशिरा आला तर खुशाल माइक हातात घ्यायची, कॉलेजच्या एकांकिकेत एकटी तीन भूमिका करायची. करंजा बंदरावरच्या मासळीच्या लिलावाची नक्कल तर अशी करायची, की ऐकणाऱ्याने पापलेटचा भाव विचारावा. तोंडाला विश्रांती म्हणून नाही. इतके गुण एकाच पोरीत सापडले तर बापाने तिचं करायचं काय, हा प्रश्न परेश घरतांना बरेच दिवस पडला होता.

शेवटी त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला. "दिवाळीपर्यंत टीवीवर तुझ्या तोंडचा एक वाक्य मला ऐकू आला पायजे. एकच. नायतर दिवाळीनंतर डाक्टरकीच्या नीटचा क्लास. मग नाटकाचा नाव काढायचा नाय."

आणि सप्टेंबरात समीक्षाला खरोखरच मालिका मिळाली.

"रोल काय हाय?" परेशनी विचारलं.

"घरातली मोठी मुलगी."

"मंजे मेन?"

"सगळी गोष्ट माझ्याभोवतीच फिरते, बाबा. आई तर रोज माझ्यासमोर उभी राहून मन मोकळं करते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ही मोठी मुलगी मालिका सुरू होण्याच्या पाच वर्षं आधीच अपघातात वारली होती आणि चंदनाचा हार घालून भिंतीवर लटकत होती. समीक्षाचं काम म्हणजे तो फोटो. तो काढायला चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत तिला दिग्दर्शनही मिळालं, "जरा कमी हसा."

आता गावाला कुतूहल आवरेना. दुधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत ज्याला त्याला रोल जाणून घ्यायचा होता. समीक्षा सगळ्यांना "सस्पेन्स आहे" म्हणायची. पण कलावंताला गुपित पचत नाही. एका संध्याकाळी तिने सेटवरचा तो फोटो मैत्रिणींसाठी स्टेटसला ठेवला. घरच्यांचे सगळे नंबर आठवणीने वगळले. परेशचे भाऊ आनंदाकाका, त्यांचाही वगळला. मात्र आनंदाकाका समाजसेवक असल्यामुळे त्यांच्याकडे दोन फोन होते, हे ती विसरली.

काकांनी दुसऱ्या फोनवर स्टेटस पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. गळ्याशी हार, चेहऱ्यावर गंभीर भाव. ज्याचं निम्मं आयुष्य सत्कार करण्यात आणि निम्मं करवून घेण्यात गेलं, त्याला हाराचा दुसरा अर्थ सुचणार कसा? "पयल्याच मालिकेत सत्कार!" असं म्हणत त्यांनी फ्रेमच्या कडा कापून टाकल्या आणि फोटो पनवेलच्या मितेश फ्लेक्सवाल्याला धाडला. सोबत आवाजी निरोप होता, "पुतनीचा हाय. दहा बाय आठ. मजकूर नेहमीचा. खाली माझा हात जोडलेला फोटो. सकाळी नाक्यावर लागला पायजे."

लागला. सकाळी सातला सुकापूरच्या नाक्यावर दहा बाय आठची समीक्षा झळकली. वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये 'कु. समीक्षा परेश घरत', आणि खाली 'शोकाकुल : आनंदाशेठ घरत मित्रमंडळ'. हात जोडलेले काका दोन्ही प्रसंगांना चालण्यासारखे होते.

साडेसातला शेजारच्या सोनाबाई पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. समीक्षाची आई संजना आंघोळीला गेली होती. दाराशी परेश होते.

"घ्या भावजी. दोन घास तरी खा," सोनाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या आणि थांबल्याच नाहीत. त्यांच्या सौजन्याने परेश भारावले. पाच मिनिटांत दुसरं पातेलं आलं, मग तिसरं. तिन्हींत पिठलं. ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसायला लागली. परेशना वाटलं, भावाने सकाळी सकाळी मीटिंग ठेवली. त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. बापाला धक्का बसलाय, अशी कुजबुज झाली.

तेवढ्यात रिक्षातून मालूआत्या उतरल्या. परेशची थोरली बहीण, करंजाला मासळीचा धंदा. लिलावात बोली लावता लावता त्यांना फोनवर बातमी लागली होती आणि टोपली तिथेच टाकून त्या निघाल्या होत्या. उंबऱ्याशी त्यांनी जी आरोळी ठोकली ती नव्या पनवेलपर्यंत गेली असावी.

"माझी बाय गेली गो! माझी सोन्याची बाय!"

तोंडात ब्रश घेऊन समीक्षा बाहेर आली. "कोण गेलं गं आत्या?"

"तू गो, तू!" आत्या तिच्याच गळ्यात पडून रडल्या. मग दचकून मागे झाल्या. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एक थोबाडीत दिली आणि पुन्हा मिठी मारून दुप्पट रडायला लागल्या.

ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मग नाक्यावरच्या फ्लेक्सची हकीकत निघाली, काकांना बोलावणं गेलं, काकांनी मितेशला फोन लावला.

"अरे श्रद्धांजली कसली? मी बोललेलो ना, नेहमीचा मजकूर!"

"शेठ, गेल्या महिन्यात तुमचे पाच फ्लेक्स छापले," पलीकडून मितेश म्हणाला. "पाचही श्रद्धांजलीचे. त्यात हारवाला फोटो. माझं काय चुकलं?"

फ्लेक्सचं कोडं सुटलं, पण जमलेल्यांचं कुतूहल काही भागलं नाही. पोर जिवंत, मग हार कशाला? सगळे समीक्षाकडे बघू लागले. तिने कबूल केलं. अपघात, भिंत, चंदन, सगळं.

"मंजे तुझ्या तोंडचा वाक्य?" परेशनी हळूच विचारलं.

"मेलेल्या माणसाला संवाद नसतात, बाबा."

"मग दिवाळीनंतर क्लास."

समीक्षाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. नाव व्हावं म्हणून ती यात पडली नव्हती. स्टेजवर उभं राहिलं की आपण आहोत असं तिला वाटायचं आणि ते दुसरीकडे कुठेच वाटत नव्हतं. पण हे बापाला सांगायचे शब्द तिच्याकडे नव्हते.

एवढ्यात परेशचा फोन वाजला. मालिकेचे दिग्दर्शक विश्वजीत. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत सेटवर पोचला होता.

"फार वाईट झालं, साहेब. गुणी मुलगी होती."

"हाय. हितं समोरच उभी हाय."

सगळी भानगड ऐकून विश्वजीत सुटकेने हसले. मग एकदम थांबले. "मागे कोण रडतंय?"

"माझी बहीण."

"मुलगी जिवंत आहे हे कळल्यावरही?"

"करंजावरनं रडत आलीय. एकदम थांबता येत नाय तिला."

विश्वजीत उत्सुकतेने म्हणाले, "साहेब, तीन आठवडे झाले, आमच्याकडे त्या फोटोपुढे कोणालाच असं रडता येत नाहीये. त्यांना विचारता का? आत्याचीच भूमिका देतो. दोन पानं संवाद."

दोन पानं! समीक्षाने ब्रश गिळायचाच बाकी ठेवला. मालूआत्यांनी मात्र नाक पुसून फोन हातात घेतला.

"जित्या पोरीच्या फोटोला हार घालून रडू? जीभ झडंल माझी. आधी पोर जिती करा, मग मी येते." आणि फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासाने विश्वजीतचा पुन्हा फोन आला. लेखक तयार होता. या मालिकेत त्याने आधीच दोघांना परत आणलं होतं, तिसरी त्याला जड नव्हती. मोठी मुलगी अपघातातून वाचली होती, ती घरी परतणार होती. घरत कुटुंबात जल्लोष झाला.

"फक्त एक आहे," विश्वजीत म्हणाले. "धक्क्याने तिची वाचा गेलेली आहे."

तो भाग दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लागला. घरतांच्या हॉलमध्ये निम्मं गाव दाटीवाटीने बसलं होतं. पडद्यावर मालूआत्यांनी उंबऱ्याशी आरोळी ठोकली आणि सलग दोन मिनिटं बोलत राहिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅमेरा समीक्षावर गेला. ती दारात उभी होती. लावणी नाही, नक्कल नाही, गाणं नाही. ती घराकडे बघत होती, भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बघत होती, ओठ हलवून बघत होती आणि आवाज फुटत नव्हता. बघता बघता हॉलमधली कुजबुज बंद झाली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या खऱ्या समीक्षाने मान खाली घातली होती, कारण बापाची अट तिला पाठ होती.

संजना नवऱ्याच्या कानाशी वाकली. "एक पण वाक्य नाही हो तिला. मग क्लासचं काय ठरवलंत?"

परेशनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"गप बस गो," ते म्हणाले, "ती काय बोलते ते ऐकू दे मला."