कुंपणाच्या पलीकडचा अब्राहम

डॅनी डायनामाइट म्हातारा होणार नव्हता! हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. बाकीच्यांनी खुशाल व्हावं. त्याच्या बँडचा ड्रमर कवळी सांभाळत बिस्किटं कॉफीत बुडवून खात होता, बास गिटारवाला तर कधीच देवाघरी गेला होता. डॅनी मात्र अजून चामड्याच्या पँटमध्ये होता. ती पँट वर ओढायला बायकोची मदत लागायची, पण असल्या बारीकसारीक गोष्टी कोण मनावर घेतो!

त्याचं खरं नाव डिंगेमन क्वाकलस्टाइन. १९६४ साली हेगच्या एका दमट तळघरात त्याला एका मॅनेजरने हेरलं. मॅनेजरचा मूळ धंदा गाद्यांचा होता, त्यामुळे माल कसा खपवायचा हे त्याला बरोबर कळायचं.

"हे नाव पोस्टरवर मावणार नाही," मॅनेजर म्हणाला. "आजपासून तू डॅनी डायनामाइट. वय?"

"वीस."

"वीस? अरे, विशीतले गायक इथे प्रत्येक तळघरात पायाखाली येतात! तू सोळाचा. आईला सांगून ठेव."

झालं! चार वर्षं कुठल्या कुठे उडून गेली. 'ट्राम, बेबी, ट्राम!' या त्याच्या गाण्याने सगळा हॉलंड एक उन्हाळाभर वेडा केला. गाणं इंग्रजी होतं. त्यातला 'बेबी' सोडला तर एकाही शब्दाचा अर्थ डॅनीला ठाऊक नव्हता, आणि नंतरही त्याने कधी चौकशी केली नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचा फोटो होता: मान मागे टाकलेली, तोंड उघडं, वर धरलेला चंदेरी माइक. खाली लिहिलेलं, 'अवघ्या सोळाव्या वर्षी!'

पुढे गाणी आली आणि गेली. बँड फुटला. डॅनीने सुपरमार्केटांची उद्घाटनं केली, नॉर्वेला जाणाऱ्या बोटीवर बोट लागलेल्या प्रवाशांपुढे गाणी म्हटली, एका सोफ्याच्या दुकानात तर गिऱ्हाइकांनी उठू नये म्हणून गायला. आता गाठीला उरलं होतं ते एवढंच, की हा पठ्ठ्या तेव्हा अवघा सोळाचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि १९९४च्या जूनमध्ये ती मूठ टेलिव्हिजनवर जाणार होती. 'साठच्या दशकातला सर्वांत लहान तारा' असा कार्यक्रम ठरला होता. तोही वाढदिवसाच्या दिवशी, त्याच्या राहत्या घरी, स्खेव्हनिंगनला. जगाच्या हिशेबाने तो त्या दिवशी सेहेचाळीस पूर्ण करणार होता. कार्यक्रम गाजला की जुनी रेकॉर्ड पुन्हा निघणार, गावोगावी दौरे होणार! डॅनीने आरशासमोर सही करण्याचा सरावसुद्धा करून ठेवला.

"पण खरी पन्नाशी होतेय, तिचं काय?" बायकोने, हिलेने विचारलं होतं.

"कुणाची पन्नाशी?"

"सरळ वाग रे बाबा," हिले म्हणाली. "माणसाने सरळ वागलं तरी वेडेपणा पुरेसा होतो."

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. समुद्रावरून धुकं आलं होतं. खिडकीशी येऊन त्याने बाहेर पाहिलं आणि त्याच्या हातातला कंगवा गळून पडला.

अंगणात अब्राहम बसला होता!

पन्नाशी आली की माणसाने अब्राहमला पाहिलं असं म्हणायचं, आणि मित्रमंडळींनी गुपचूप त्याच्या दारात गवत भरलेला म्हातारा आणून बसवायचा, ही इथली जुनी खोड. हा म्हातारा खुर्चीत ऐसपैस बसला होता. सुटलेलं पोट, काळा चष्मा, डोक्यावर फरशी पुसायच्या मॉपचे लांब केस. मान मागे टाकलेली, तोंड हे एवढं उघडं, आणि तोंडावर उंच धरलेलं चंदेरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी. छातीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर हातभर आकडा: ५०!

"माझा माइक!" डॅनी किंचाळला. "माझं कव्हर! हे त्या ड्रमरचं काम! कवळीबहाद्दर, विश्वासघातकी!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या कुणाच्या मनात इतक्या सकाळी उजाडलंसुद्धा नव्हतं.

टेलिव्हिजनची माणसं थोड्याच वेळात येणार होती. एवढा मोठा म्हातारा लपवणार कुठे? घरात न्यावा तर मोठ्या खिडकीला पडदे नाहीत. सभ्य माणसं पडदे लावत नाहीत, लावले तर गल्ली विचारते, आत काय चाललंय! बरं, कचऱ्याच्या डब्यात त्याची एक तंगडीसुद्धा मावेना. शेवटी डॅनीची नजर कुंपणापलीकडे गेली. शेजारी लेन्डर्ट पोल्डरवार्ट राहायचा. हेरिंग मासळीचा ठेला चालवणारा साधा माणूस. अकरा वर्षांच्या शेजारात डॅनीने त्याला "धुकं आहे" आणि "धुकं नाही" याव्यतिरिक्त फारसं काही म्हटलं नव्हतं.

डॅनीने अब्राहमला खुर्चीसकट काखोटीला मारलं. चामड्याची पँट करकरली, मॉपचे केस तोंडात गेले, पण गडी कुंपण ओलांडून गेला! लेन्डर्टच्या निळ्या दारासमोर म्हाताऱ्याला नीट बसवून, त्याचा चष्मा सरळ करून तो परत आला. मॅनेजर असता तर त्याने पाठ थोपटली असती.

खाली आल्यावर हिलेने खिडकीतून पाहिलं. "लेन्डर्टकडे बसवलाय वाटतं! छान जमलाय," ती म्हणाली आणि केकचा डबा घेऊन निघाली. "मी जरा शेजारी जाऊन येते."

"केक घेऊन? आज माझा वाढदिवस आहे!"

"तुझाही आहेच की," ती म्हणाली आणि गेली. डॅनी केसांना फुगा काढत होता. अशा वेळी तो दुसऱ्याचं बोलणं ऐकत नसे.

मग फेम्के आली. टेलिव्हिजनवर मुलाखती घेणारी तरतरीत बाई. सोबत कॅमेरावाला. डॅनीने दोघांना कॉफी दिली, डब्यातून एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

"पडद्यावर तुमचं नाव कसं लिहू?" फेम्केने विचारलं.

"डॅनी डायनामाइट. कंसात सेहेचाळीस. खाली लिहा, 'आख्यायिका'."

"आख्यायिका?"

"मी नाही हो, लोक म्हणतात!"

कॅमेरा सुरू झाला. डॅनीने पाय पसरले आणि आवाज खर्जात नेला. "सोळा वर्षांचं पोर होतो मी. मुली माझ्यासाठी ट्रामखाली..."

"अभिनंदन! अभिनंदन!" बाहेर कुणीतरी ओरडलं.

शेजारच्या अंगणात गर्दी जमू लागली होती. मासळीबाजारातले लोक आले होते, मोहरीच्या चटणीच्या बरण्या आल्या होत्या, केक आले होते. गोलात खुर्च्या मांडल्या गेल्या. जो येईल तो इथल्या रीतीप्रमाणे पहिल्यांदा लेन्डर्टचा हात हलवायचा, मग त्याच्या बायकोचा, मग जो दिसेल त्याचा.

"ट्रामखाली काय?" फेम्केने खिडकीकडे बघत विचारलं.

"ट्रामखाली झोकून द्यायच्या! म्हणजे, तयारी तरी असायची."

इतक्यात दार वाजलं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई थेट आत आल्या आणि त्यांनी डॅनीचा हात गदागदा हलवला. "अभिनंदन हो!"

डॅनी फुलला. "बघितलंत? लोक विसरत नाहीत. धन्यवाद, बाई!"

"चांगला शेजारी मिळाला तुम्हाला!" बाई म्हणाल्या. "लेन्डर्टच्या वाढदिवसाचं अभिनंदन! तुमचंही अभिनंदन, बाई. काय, अभिनंदन हं कॅमेरावाले!" आणि बिस्किटाचा डबा बंद आहे असं पाहून त्या शेजारी गेल्या.

कॅमेरावाला खिडकीला नाक लावून उभा होता. "फेम्के, ते बघ. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सूर्य आलाय. असा शॉट पुन्हा मिळणार नाही."

"पाचच मिनिटं हं," फेम्के डॅनीला म्हणाली. "मग आपण लगेच तुमच्या त्या ट्रामकडे येऊ."

पाच मिनिटांची कॉफी होते, कॉफीचा केक होतो. डॅनी एकटाच पाय पसरून बसला होता. आधी त्याला हसू आलं. बिचारा मासेवाला! आज कोणाच्या गळ्यात कोणाचं वय पडलंय हे त्याला कळलंसुद्धा नाही! मग हसू ओसरलं. तो मासेवाला फुकटात पन्नास झाला होता आणि त्याच्या अंगणात अख्खी गल्ली लोटली होती. इथे माणूस तीस वर्षं पोट आत ओढून बसला होता, आणि समोर फक्त एक उष्टा कप! मागच्या वेळी इतकी माणसं त्याच्यासाठी कधी जमली होती? सोफ्याच्या दुकानातही नव्हती.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. लेन्डर्ट खुर्चीवर चढला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खड्या आवाजात म्हणाला, "हेरिंग, बेबी, हेरिंग!"

"हेरिंग, बेबी, हेरिंग!" अंगण गरजलं. म्हाताऱ्या बाई टाळ्या पिटत होत्या. चाल तीच! ठेका तोच! हिलेसुद्धा नाचत होती, हिलेसुद्धा!

"किती गोड गाणं!" फेम्केचा आवाज आला. "कुणाचं आहे?"

"आमचंच की!" लेन्डर्ट म्हणाला. "ठेल्यावर तीस वर्षं ओरडतोय. याच्यावरच माल खपतो."

बस! माणूस म्हातारपण एकवेळ सहन करील, पण हे? डॅनी उठला. दार आहे हेही त्याला आठवलं नाही. तो थेट कुंपणावरून गेला. या खेपेला पँटने दगा दिला. 'टर्र' असा आवाज झाला आणि डॅनी डायनामाइट हातात अर्धी झुडपं घेऊन अब्राहमच्या पायांशी येऊन पडला.

"तो माझा आहे!" तो ओरडला. "गाणं माझं आहे! हा अब्राहमही माझा आहे! पन्नास मी झालोय, मी!"

गाणं थांबलं. कॅमेरा तेवढा चालू होता.

"सकाळी माझ्या दारात बसवला होता, मी उचलून इथे आणला! बघा, हा माझा माइक! हीच पोझ, माझ्या कव्हरवरची! जगाला कळू दे, डॅनी डायनामाइट पन्नास वर्षांचा आहे!"

लेन्डर्ट खुर्चीवरून खाली उतरला. त्याने अब्राहमच्या हातातला चंदेरी कागद हळूच सोलला. आतून कापडाचा मासा निघाला, शेपटीला धरलेला, इथे सगळे खातात तसा तोंडात सोडायच्या बेतात.

"शेजारीबुवा," तो म्हणाला, "ही हेरिंग आहे."

"हे.. हेरिंग?"

"मी हेरिंग विकतो ना. म्हणून."

मागून शेजारच्या ठेल्यावरचा कोबुस पुढे आला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे तुम्ही उचललात होय! अहो, आम्ही धुक्यात घर चुकलो! घरी गेलो तर बायको म्हणाली, अरे मूर्खा, हिरवं दार त्या गाणाऱ्याचं, लेन्डर्टचं दार निळं! धापा टाकत परत आलो, तर म्हातारा आपल्या पायांनी बरोबर दारात जाऊन बसलेला! मी तर मनात म्हटलं, आजपासून दारू बंद!"

"म्हणजे लेन्डर्ट... आज... खरोखर पन्नास?"

"दर वर्षी याच दिवशी त्याचा वाढदिवस असतो," हिले म्हणाली. "दर वर्षी मी केक घेऊन येते. दर वर्षी तू फुगा काढत असतोस."

डॅनी खालीच बसून राहिला. बसण्यावाचून गत्यंतरही नव्हतं, पँट मागून फाटली होती.

फेम्के बोटांवर काहीतरी मोजत होती. "एक मिनिट. म्हणजे १९६४ साली तुम्ही वीस वर्षांचे होतात?"

"मॅनेजरने..." डॅनी पुटपुटला. "त्याचा गाद्यांचा धंदा होता."

"पन्नासच?" समोरच्या म्हाताऱ्या बाई त्याला न्याहाळत म्हणाल्या. "मी समजत होते तुमची पेन्शन चालू आहे!"

लेन्डर्ट मनाने दिलदार माणूस. त्याने घरातून आणखी एक खुर्ची आणली, तीवर घडी केलेलं ब्लँकेट टाकलं, डॅनीला अब्राहमशेजारी बसवलं आणि हातात एक खरी हेरिंग दिली. मग सगळ्यांनी रांगेने येऊन डॅनीचा हात हलवला आणि त्याच्याबद्दल लेन्डर्टचंही अभिनंदन केलं. डॅनीने मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि मासा आत सोडला. पोझ अजूनही उत्तम जमत होती. कॅमेरावालाही तसं म्हणाला.

डॅनीने मनात हिशेब केला. वय गेलं ते गेलं, पण कुंपणावरची ती उडी! अशी उडी कुठला पन्नाशीचा माणूस मारतो? लोक म्हणतील, आग आहे अजून! पुढच्या आठवड्यात कार्यक्रम लागला तेव्हा त्याने हिलेला, ड्रमरला, समोरच्या बाईंना, सगळ्यांना घरी बोलावलं. बिस्किटाचा डबासुद्धा उघडा ठेवला.

कार्यक्रमाचं नाव बदललं होतं. 'हेरिंगवाल्याची पन्नाशी.' लेन्डर्ट ठेल्यावर, लेन्डर्ट बोटीवर, लेन्डर्ट गाताना. अगदी शेवटी कुंपणावरून काहीतरी काळं धप्पकन खाली पडलं, उठून बसलं आणि बोलायला तोंड उघडलं. तिथेच चित्र थांबलं आणि पडद्यावर खाली स्वच्छ अक्षरांत नाव उमटलं:

डिंगेमन क्वाकलस्टाइन (५०), शेजारी.