बस्त्यावचा रिकामा ओव्हन

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. त्या मंगळवारी केकच्या तुकड्यात दाताखाली आलेली चिनीमातीची बाहुली मी रुमालात थुंकली, रुमाल खिशात कोंबला आणि बस्त्यावला म्हणालो, "केक झकास झालाय."

बस्त्याव इथे आखातात, अल् घुब्रात, माझा वरच्या मजल्यावरचा शेजारी. मूळचा वसईचा, कुरुममधल्या एका हॉटेलात आचारी. त्याआधी जहाजावर होता. जहाज दुरुस्तीसाठी न्यू ऑर्लिन्सला अडकून पडलं, तेव्हा तिथल्या एका म्हातारीच्या खाणावळीत तो गम्बो आणि जांबलाया, म्हणजे तिथला मसालेभात, शिकला. तेव्हापासून राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी, ख्रिस्ती उपासकाळ लागायच्या आत, त्याच्याकडे कार्निव्हलची पंगत असते.

गम्बो म्हणजे कोळंबी, कोंबडी आणि भेंडीचा दाट रस्सा. त्याचा पाया रू. तेलात मैदा घालून तो गडद तपकिरी होईपर्यंत ढवळत राहायचा. हात थांबला की जळाला. ढवळताना बस्त्याव कुणाशी बोलत नाही आणि कुणाला बोलू देत नाही. "हळू. तो ऐकतोय." एकदा इमारतीत आगीची घंटा वाजली. आम्ही सगळे धापा टाकत पार्किंगमध्ये जमलो. मागून बस्त्याव उतरला, एका हातात फडक्याने धरलेलं पातेलं, दुसऱ्या हाताने ढवळणं चालूच.

"अरे, पासपोर्ट तरी आणायचास!" मी म्हणालो.

"पासपोर्ट करपत नाही, पाटकर."

खाली दुकान असलेले रत्नागिरीचे कासमभाई दर वर्षी येतात आणि दर वर्षी कुरकुरतात. "बस्त्याव, आमच्या घरात भेंडीची बुळबुळ घालवायला कोकम टाकतात. तू ती मुद्दाम ठेवतोस?"

"बुळबुळ गेली की गम्बो खलास. मग घरी जाऊन भेंडीच खा!"

एवढी सगळी गंमत. पण जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असते. तिच्यासमोर बस्त्याव पहिलं ताट वाढतो, मीठ बरोबर आहे का विचारतो आणि थांबतो. मग मान हलवून स्वयंपाकघरात जातो आणि खरंच चिमूटभर मीठ टाकतो. ते ताट त्याच्या बायकोचं, मार्थाचं. ती गेली तेव्हा तो समुद्रात होता. मातीलाही पोचला नाही.

शेवटी येतो तो गोल कड्यासारखा केक, वर जांभळी, हिरवी, पिवळी साखर. आत एक बाहुली. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने पुढच्या वर्षीचा केक करायचा, सगळ्यांना खाऊ घालायचा. मला चहाही धड जमत नाही. चार माणसं घरी येणार म्हटलं की आठवडाभर आधीपासून मी ते टाळायची निमित्तं शोधतो. म्हणून रुमाल.

त्या मंगळवारी बस्त्यावने एकेकाला विचारलं, बाहुली कुणाला आली. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. मग त्याने मार्थाच्या ताटातला तुकडा उचलून कुस्करला. काही नाही. तो त्या खुर्चीकडे बघत राहिला. एसीची घरघर तेवढ्यात थांबली. कासमभाईंचा घास हातातच राहिला. बस्त्यावच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"हिने घेतली," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी ही करणार."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी खाली उतरलो आणि रुमाल बाहुलीसकट कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून दिला.

पुढच्या वर्षी गम्बो होता, जांबलाया होता. केक नव्हता. ओव्हन मात्र लावलेला होता, आत दिवा, रिकामी जाळी. बस्त्याव समोर स्टूल टाकून बसला होता.

"वास येतोय ना?" त्याने विचारलं.

कासमभाई माझ्याकडे बघत "हो" म्हणाले. मीही "हो" म्हणालो. आणि इथे मी खोटं बोललो नव्हतो. त्या रिकाम्या ओव्हनमधून दालचिनीचा वास येत होता. कुठून, ते मला आजही माहीत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मंडळी लवकर उठली. मी चपला घालत होतो. त्याला वाटलं सगळे गेले. आतून त्याचा आवाज आला, रू ढवळताना असतो तसा हलका.

"घाई नको करू, मार्था. मी तरी कुठे वेळेवर आलो होतो? तू सावकाश ये. मी ओव्हन बंद करत नाही."

मी दार आवाज न करता ओढून घेतलं.

कार्निव्हल पुन्हा जवळ आलाय. काल जिन्यात भेटला, म्हणाला, "यंदा येईल बघ, इन्शाल्ला." मी नुसता हसलो. ती वाट बघणं मी त्याच्या गळ्यात घातलंय. ते काढून घेतलं तर त्याच्याकडे काय उरेल, या भीतीने गप्प बसलोय, असं मी स्वतःला सांगतो. खरं तर आधीही भीतीनेच गप्प होतो.

मी बस्त्यावला एक केक देणं लागतो. आणि तो घेऊन वर जाईन तेव्हा, तो मार्थाने नाही, मी केलाय, हे सांगणंही.