बरोबरी पुरेशी होती

फुटबॉल हा खेळ चेंडूने खेळला जातो, असा एक समज लहान मुलांत आणि युरोपात प्रचलित आहे. आशियात, विशेषतः जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत, तो गुणतक्त्यावर खेळला जातो. एखादा देश मैदानात हरला म्हणून लगेच बाद होत नाही. तो बाद झाला हे आकडेमोडीने सिद्ध व्हावे लागते, आणि ते सिद्ध होईपर्यंत त्या देशातील सुजाण नागरिकांना आशा बाळगण्याचा पूर्ण हक्क असतो. रत्नागिरीत हा हक्क संघटितपणे बजावला जातो.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत फारुकभाईंचा फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा गाळा आहे. तिथे दर शनिवारी संध्याकाळी 'आशियाई पात्रता गणित मंडळा'ची बैठक भरते. अध्यक्ष स्वतः फारुकभाई, कारण उमेदीची सगळी वर्षे कुवेतमध्ये काढल्यामुळे त्यांना आखाती संघांची आतून माहिती आहे (ते तिथल्या एका स्टेडियमचे एसी दुरुस्त करत). चिटणीस श्याम. फारुकभाईंकडे गाळा, खुर्च्या आणि चहा, डोके श्यामचे.

श्यामचा धंदा आंबाबागांचा अंदाज काढण्याचा. झाडांना मोहर दिसला की व्यापारी त्याला बागेत नेत. तो मान वर करून एक फेरी मारी आणि अमुक इतक्या पेट्या, असे सांगे. मग तुडतुडा येई, अवकाळी येई, आणि मे महिन्यात निम्म्याच पेट्या भरत. तरी श्यामचा अंदाज चुकला असे आजवर कुणी म्हटलेले नाही, कारण तो मोहराचा अंदाज होता, आंब्याचा नव्हे. भारतीय फुटबॉलला नेमका असाच माणूस हवा होता.

मंडळाची कार्यपद्धती शास्त्रीय आहे. भारताचा सामना सहसा कुणी पाहत नाही. पाहिल्याने मन विचलित होते आणि आकडेमोडीत चुका होतात, असा अनुभव आहे. (पूर्वी दोन सभासदांनी एक सामना शेवटपर्यंत पाहिला. त्यातला एक आता बॅडमिंटनकडे वळला आहे. दुसऱ्याविषयी मंडळात बोलले जात नाही.) निकाल कळला की श्याम गाळ्यातल्या पांढऱ्या फळ्यावर उरलेल्या वाटा लिहितो. किर्गिझस्तानने ओमानला हरवावे. बहारीनने दोन गोलांनी जिंकावे, तिसरा मारू नये. ताजिकिस्तानला लाल कार्ड मिळावे. हाँगकाँगच्या विमानाला उशीर व्हावा. भारताने काय करावे याचा उल्लेख क्वचितच असतो. असलाच तर शेवटच्या ओळीत, "आणि आपणही" एवढा.

मतभेद होत नाहीत असे नाही. ओमानच्या पराभवाचा मुद्दा आला तेव्हा फारुकभाईंनी हरकत घेतली. "हरू दे, श्यामराव, पण मस्कतात नको. तिथं आमचा तन्वीर आहे. ओमान हरला की त्याच्या साहेबाचं तोंड आठवडाभर वाकडं असतं." त्यावर साधकबाधक चर्चा होऊन ओमानने परदेशात हरावे, अशी दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.

मागच्या फेरीत प्रकरण फारच निकराला आले, तेव्हा मंडळ वेळणेश्वरला जाऊन आले. श्यामने देवापुढे गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, जो काय बहारीनचा संघ हाय, त्याला दोन गोलांचा यश दे. तिसरा देऊ नको. आणि ताजिकांच्या वाटेत जो काय आडवा येईल, त्याची पाठ राख." सभासदांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा दिला. फारुकभाई बाहेर गाडीत बसून दुआ करत होते. तुम्ही काय मागितलंत, असे विचारल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांचं भलं." सगळ्यांचे भले झाले तर भारत बाद होतो, हे श्यामने त्यांना परतताना जयगडच्या फेरीबोटीत समजावून सांगितले.

अशा प्रदीर्घ अभ्यासातून श्यामच्या हाती एक सिद्धांत लागला होता. सामना हा शक्यतेचा शत्रू आहे. सामन्याआधी जिंकणे, हरणे आणि बरोबरी अशा तिन्ही गोष्टी आपल्या मालकीच्या असतात. सामन्यानंतर एकच उरते, आणि ती बहुधा नको असलेली. म्हणून ज्याचा सामना अजून व्हायचा आहे तो संघ सुरक्षित, आणि ज्याचा सामना होणारच नाही तो सर्वांत सुरक्षित.

इथपर्यंत कुणाचे काही बिघडले नव्हते. भारतीय संघाला मंडळाचा पत्ता नव्हता आणि बहारीनलाही नव्हता. पण श्यामच्या घरात एक गोलरक्षक होती.

सावनी, त्याची मुलगी, शाळेच्या संघात गोल राखायची. सतरा वर्षांखालील मुलींच्या आंतरशालेय साखळीत या संघाने दापोलीला हरवले (दोन्ही गोल हुदाचे, हुदा म्हणजे फारुकभाईंची नात) आणि राजापूरशी बरोबरी केली. शेवटचा सामना चिपळूणमध्ये, चिपळूणशी. तिथे बरोबरी झाली तरी संघ राज्य पातळीवर जाणार होता. या वयोगटातले सावनीचे हे शेवटचे वर्ष. आठ दिवस तिने हातमोजे स्वतः धुऊन वळईवर, म्हणजे ओटीवरच्या दोरीवर, वाळत घातले होते आणि घरात कुणाला हात लावू देत नव्हती.

मंडळात या बातमीने चैतन्य पसरले. ज्याला बरोबरी पुरेशी आहे असा संघ मंडळाच्या हयातीत प्रथमच सापडला होता. मुलींना नेण्यासाठी फारुकभाईंनी ट्रॅव्हलर गाडी ठरवली, चालक निलेश. बाकीचे श्यामवर सोपवले. तिथेच घोटाळा झाला.

सामन्याच्या आदल्या दिवशी मुसळधार पावसाचा लाल इशारा आला. (कोकणात लाल इशारा आला की दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडते, हे शेंबडे पोरही जाणते, पण शेंबड्या पोराकडे फळा नसतो.) श्याम फळ्यापुढे उभा राहिला आणि त्याला अंगावर काटा येईल असे काही दिसले. पाऊस पडला तर सामना रद्द. सामना रद्द तर गुण वाटून. गुण वाटून म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी पुरेशी होती. उलट खेळले, तर हरण्याची भीती. मग मुलींना घाटातून, चिखलातून न्यायचे कशाला? हाताशी आलेली गोष्ट पायाने लाथाडण्यासाठी?

त्याने निलेशला येऊ नकोस म्हणून कळवले. मुख्याध्यापकांना फोन करून सामना रद्दच समजा, असे सांगितले. त्यांनी जागच्या जागी मान्यता दिली. सहल, सामना किंवा स्नेहसंमेलन रद्द केल्याबद्दल आजवर एकाही मुख्याध्यापकाची चौकशी झालेली नाही. मुलींना कळवण्याची गरज श्यामला वाटली नाही. पात्र झाल्याची बातमी एकदमच द्यावी, असा त्याचा बेत होता.

सकाळी तो गाळ्यावर येऊन बसला. मुली शाळेच्या फाटकाशी बूट घालून उभ्या होत्या. ऊन असे पडले होते की पत्रा तापून गाळ्यात कडकड आवाज येत होता. क्रीडाशिक्षिका हेमाबाईंचा फोन आला.

"सावनीचे बाबा, निलेश कुठाय?"

"बाई, जायची गरज नाही. आपण पात्र ठरलोय."

"कोण म्हणालं?"

"हिशेबानं."

"बाहेर बघितलंत का तुम्ही? छत्री घेऊन उभं राहावं लागतंय, पण उन्हासाठी."

श्यामने शांतपणे सांगितले की दिवस अजून जायचा आहे. बाईंनी पुढे ऐकले नाही. त्या मुलींना घेऊन एस.टी.त चढल्या.

महामार्गाचे काम चालू आहे, ही माहिती वाचकांना नव्याने द्यायची गरज नाही. एस.टी. चिपळूणला पोचली तेव्हा पंचांनी नियमाप्रमाणे वाट पाहून शिटी वाजवली होती आणि सामना चिपळूणला बहाल केला होता. तीन-शून्य. श्यामच्या फळ्यावर नव्हता असा हा एकच निकाल.

रत्नागिरीच्या मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या. रडायचे की बाईंकडे बघायचे, हे ठरत नव्हते. तेवढ्यात चिपळूणची कप्तान निशिगंधा चेंडू घेऊन आली. त्यांच्या मुली सकाळपासून अंग गरम करून बसल्या होत्या.

"एवढ्या लांबनं आलायत तर खेळूया की," ती म्हणाली. "काय होतंय?"

पंचांनी शिटी वाजवायचे कबूल केले, लिहायचे नाही. मग मुली पूर्ण वेळ खेळल्या. हुदाने एक गोल केला. शेवटी शेवटी चिपळूणला पेनल्टी मिळाली, ती निशिगंधाने मारली आणि सावनीने अडवली. रत्नागिरी एक-शून्यने जिंकली. याची नोंद कुठेही नाही.

गाळ्यावर बातमी फारुकभाईंच्या फोनवर आली. ते बराच वेळ कानाला फोन लावून होते. मग म्हणाले, "श्यामराव, हुदानं गोल मारला म्हणते."

"तो धरत नाहीत, फारुकभाई."

"कोण धरत नाही?"

फारुकभाईंनी कॉम्प्रेसर पुसायचे फडके उचलले आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसून काढला. मंडळाच्या इतिहासातली ही सर्वांत धाडसी कृती. (पुढच्या शनिवारी आशियाई चषकाच्या पात्रतेचे नवे गट कळले आणि फळा पुन्हा भरला. फडक्याचा तेलकट डाग मात्र राहिल्यामुळे तिथे ताजिकिस्तान लिहिता येत नाही.) त्याच बैठकीत एक ठराव झाला: शालेय पातळीवर खेळ रुजत नसल्यामुळेच आपला देश आशियात मागे आहे, याबद्दल मंडळ तीव्र खंत व्यक्त करते. सूचक श्याम. ठराव एकमताने मंजूर.

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी सावनी घरी आली, हातमोजे धुतले, वळईवर घातले. श्याम ओटीवर उभा होता. एखाद्या सामन्याचा निकाल ठाऊक असूनही तो कसा झाला हे जाणून घ्यावेसे वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

"पेनल्टी कुठल्या बाजूला मारलीन?" त्याने विचारले.

"आला असतात तर दिसलं असतं," सावनी म्हणाली आणि आत गेली.

वळईवरच्या मोज्यांतून पाणी ठिबकत होते. मग श्यामच्या मनात सवयीने आले, की सावनीचा जन्म डिसेंबरअखेरचा. वयाची मोजणी जानेवारीऐवजी आदल्या एप्रिलपासून धरली, आणि स्पर्धा एक महिना अलीकडे आली, तर...

वाचकांचा जीवही आता सावनीसाठी हळहळला असेल. पुढच्या वर्षी ती कशीबशी त्या गटात बसेल का, याचा हिशेब तुम्हीही मनाशी सुरू केला असेल. अभिनंदन. मिरजोळ्याला शनिवारी संध्याकाळी या. मंडळात खुर्च्या मोकळ्या आहेत, चहा अध्यक्षांकडून. चिपळूणच्या मैदानातही त्या दिवशी जागा भरपूर होती. एक पेनल्टी अडवली गेली, आणि ती कुठल्या बाजूला मारली होती हे तुम्हालाही सांगता यायचे नाही.