समुद्राचं तीर्थ

तलवाड्याच्या अर्जुनरावांना सकाळपासून चैन नव्हतं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर, नुसत्या येरझाऱ्या. रत्नागिरीकडे, इंग्रजी मुलखात, त्यांनी समुद्राकाठी जमीन घेतली होती. घरांच्या जागा आखल्या होत्या, वस्तीला 'अर्जुनपूर' नावही दिलं होतं. आता फक्त माणसं हवी होती. तलवाडं निजामाच्या राज्यात, तिथं समुद्र कुठला? म्हणून लोकांना दाखवायला त्यांनी कळशीभर समुद्राचं पाणी आणलं होतं. संध्याकाळी चावडीवर सगळे जमणार होते, आणि कळशी सापडत नव्हती.

"ती व्हय? वाटली की मी," त्यांच्या पत्नी बायनाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या.

"काय वाटली?"

"तीर्थ! तोंड बांधलेली तांब्याची कळशी, इतक्या लांबून आणलेली. मला वाटलं गंगाच हाय. घरोघर पळीपळी दिली."

अर्जुनरावांनी विचारलं, "आन् तू घेतलंस?"

"न्हाई बा. लोकायला पुरावं म्हणून मी ऱ्हायले."

तोवर अंगणात गाव जमलं. पुढे मेंढपाळ धोंडीराम, तोंड वेडंवाकडं करीत.

"मालक, गंगा कावून खारट झाली? काय कोप झाला का?"

मागे दोघीतिघी रडायलाच लागल्या. आता खरं सांगणं भाग होतं.

"गंगा न्हाई रे, समुद्राचं पाणी हाय ते!"

"म्हंजी आमाला जितं बसवायलाव तिथलं?"

"तिथं गोड्या पाण्याची विहीर हाय!"

"मंग त्या विहिरीचं आणायचं न्हाई का!"

धोंडीरामानं विचारलं, "मालक, तुमी सोता ऱ्हानार का तितं?"

"मी... मी येतो की मागून."

गाव हसत पांगलं. खरं तर अर्जुनराव कधीच जाणार नव्हते. समुद्राला ते इतके भीत, की जमीनही त्यांनी लाटांकडे पाठ करून पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी उठून बघतात तो दारात बैलगाडी, गाडीत भांडीकुंडी, आणि वर बायनाबाई.

"हे काय?"

"समद्या गावाला मी खारं पाणी पाजलं. आता पाणवठ्यावर कोन्या तोंडानं जाऊ? चला तुमच्या समुद्राला."

"अगं, पण मी कावून?"

"वस्ती तुमची. मंग ऱ्हायाचं कुनी?"

गाडी हलली, तसा धोंडीराम बायकोला म्हणाला, "मालकीणबाई निघाल्या. म्हंजी विहीर खरी असंल."

पावसाळा सरल्यावर चार बिऱ्हाडं मागोमाग गेली. अर्जुनपूर वसलं. सगळ्यांनी घरांची दारं समुद्राकडे ठेवली, वारा यावा म्हणून. संस्थापकांच्या घराचं दार मात्र पूर्वेला होतं, तलवाड्याच्या दिशेनं. अर्जुनराव दिवसभर त्या दारात बसून असत.