सौंसरच्या भरपगारी सुट्टीची मोहीम

शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पंचमी, सोमवार, इंग्रजी एप्रिलची चौदावी, ते दिवशी सौंसर मुक्कामी कापसाच्या जिनिंगवर जो मामला गुजरला, तो यथास्थित लिहिण्यात येतो. पुढे कोणी म्हणेल की सुट्टी घरबसल्या मिळाली, त्याने हे वाचावे आणि मग बोलावे.

जिनिंगचे धनी शेटजीसाहेब, दौलत थोर, मूठ घट्ट. त्यांचे पदरी बोरगावच्या हंगामी मजूर बाया, दिवाळीनंतर येत आणि उन्हाळ्यात जात. त्यांनी बोनस मागितला तेव्हा हुकूम जाहला की बोनस दिवाळीस हजर असेल त्यास. आणि दिवाळीस तर जिनिंगला कुलूप. ती लढाई उभी राहण्याआधीच बुडाली. त्या बायांत चंद्रकलाबाई, कापसातला कचरा निवडण्याचे कामी नामजाद, त्यांचे दुःख निराळे. दरसाल भीमजयंतीची मिरवणूक समोरच्या सडकेने जाई आणि बाई आत उभ्या राहून नुसता बँड ऐकत, कारण मिरवणुकीत चालावे तर रोज बुडे, आणि रोज बुडाला की चूल रुसे. यंदा त्यांनी कायद्याची भरपगारी सुट्टी हक्काने मागितली.

तों मुनीम भगवंतराव, चष्मा जाड, अक्कल त्याहून जाड, हुजूरचे फर्मान घेऊन फाटकापाशी उभे राहिले. फर्मानाचा मजकूर ऐसा की, सुट्टीचा रोज कबूल. मात्र जी बाई सकाळच्या भोंग्यास आत येऊन सांजपावेतो हजर राहील, तिचीच सुट्टी धरली जाईल. बाहेर सुट्टी घेणारी गैरहजर. हे ऐकोन बाया हवालदिल जाहल्या, आणि मग मसलत बसली, आणि मसलतीत चंद्रकलाबाई शांतपणे बोलल्या, "सुट्टी अंदर हाय, तं जयंतीबी अंदरच करू."

चौदावीस भोंगा जाहला आणि फौज फाटकातून आत दाखल जाहली. पांढरी लुगडी, निळी निशाणे, बैलबंडीवर बाबासाहेबांची तसबीर, मागे मोहगावचा बँड, आणि खांद्यावर फटाक्यांची लांब लड टाकून बायांच्याच गावचे नत्थूजी, वय साठ, उमेद सोळाची. मुनीम हाजिरी मांडू लागले आणि बँडने सूर धरला, आणि मग कल्लोळ ऐकोन खासे शेटजी बाहेर आले. पाहतात तों दोन्ही अंगांस कापसाच्या गंजी, आणि मध्ये उभे राहून नत्थूजी आगपेटी मागताहेत. जिथे विडीस मनाई, तिथे लड!

"थांबा जी नत्थूजी," बाई म्हणाल्या, आणि शेटजींस अदबीने अर्ज केला, "फटाके बाहीरच वाजवाचे हायेत, शेटजी. पण आमची सुट्टी तुमी अंदर ठेवून राहिले ना."

तत्क्षणी नवे फर्मान सुटले की सुट्टी बाहेरच घ्यावी, त्वरेने घ्यावी, रोज पूर्ण मिळेल, दरसाल मिळेल, फक्त म्हातारा आधी बाहेर काढावा.

मग मिरवणुकीने सडकेकडे कूच केले आणि चंद्रकलाबाई निशाण घेऊन सर्वांपुढे चालल्या. त्यांचे डोळे वाहू लागले, ते त्यांनी पुसले नाहीत. आणि जिनिंगच्या दफ्तरी मुनिमांनी कायमची नोंद केली ती येणेप्रमाणे: चंद्रकलाबाई, गैरहजर, सबब रोज पूर्ण.